विमाने किती, यापेक्षा वैमानिक किती तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या विमान कंपनीने नव्या विमानांची ऑर्डर दिली की आपल्याकडच्या बातम्यांना लग्नघराची कळा येते. जून २०२३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात इंडिगोने एका दमात ५०० एअरबस विमाने मागवली, तेव्हा 'विक्रमी' आणि 'गगनभरारी' या दोन शब्दांवाचून मथळा सापडणे कठीण झाले होते. पण स्वस्त तिकिटे विकणारी कंपनी एवढी विमाने घेते कशाला आणि हाताशी असलेली धडधाकट विमाने सहा-सात वर्षांत परत का करते, हे क्वचितच कोणी समजावून सांगते. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. त्यामुळे मला विमानाआधी त्यामागचा हिशेब दिसतो.

या कंपनीने २००५ मध्ये १०० विमाने मागवली, तेव्हा तिचे एकही विमान उडालेले नव्हते. पहिले उड्डाण ऑगस्ट २००६ चे, दिल्लीहून गुवाहाटीमार्गे इंफाळला. ठोकात घेतले की भाव पडतो, हे आमच्या लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही धान्य व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. खरी गंमत पुढे आहे. विमान ताब्यात आले की ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचे आणि लगेच तिच्याकडूनच भाड्याने घ्यायचे. खरेदी ठोक भावात, विक्री त्याहून चढ्या भावात. मधला फरक खिशात पडतो, विमान आपल्याच ताफ्यात राहते आणि खरेदीत पैसा अडकत नाही. करार साधारण सहा वर्षांचा. विमानाचे वय वाढले की ते पार उघडून करायच्या मोठ्या तपासण्या सुरू होतात, त्यात पैसा जातो आणि विमान कित्येक दिवस हँगरमध्ये अडकते. ती वेळ येण्याआधीच विमान मालकाच्या दारात उभे करायचे! 'आमचा ताफा तरुण' या जाहिरातीमागे हा व्यवहार आहे. त्यात गैर काही नाही, उलट मला तर कौतुकच वाटते. अलीकडे कंपनी काही विमाने मालकीने ठेवण्याकडेही वळली आहे. पण हे चक्र फिरत राहायचे तर नवी विमाने येत राहिली पाहिजेत. विस्तार ही तिथे हौस नाही, धंद्याची अट आहे.

दुसरे कारण इंधन. आपल्याकडे विमान कंपनीचा सर्वांत मोठा खर्च इंधनाचा आणि त्यावर राज्यांचा व्हॅट. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तोही बऱ्याच विनवण्यांनंतर. २०१६ पासून आलेली ए-३२० निओ जातीची विमाने आधीच्यापेक्षा सुमारे १५ टक्के इंधन कमी खातात. शिवाय आसने १८० ची १८६ झाली. नियमाने दर ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी लागतो, म्हणजे दोन्हींत चौघेच. सहा जागांचे भाडे वाढले, पगार एकाचाही नाही. त्याहून लांब ए-३२१ मध्ये २३२ माणसे बसतात. मुंबईला तर हे लांब विमान हवेच, कारण तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते. सकाळची उतरायची वेळ कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. फेरी वाढवता येत नसेल तर फेरीतली माणसे वाढवायची. आमच्या कोल्हापूरकरांना मुंबईला जायला सोयीची वेळ मिळणे का अवघड, त्याचे उत्तरही यातच आहे. जिथे २३२ जण उतरू शकतात, ती वेळ ७८ जणांच्या विमानाला कोण देणार?

एकाच जातीचे विमान ठेवायचे, म्हणजे कोणताही वैमानिक, कोणताही मेकॅनिक आणि कोणताही सुटा भाग कुठेही चालतो, हा या धंद्याचा मूळ मंत्र. अमेरिकेची साउथवेस्ट बोइंग ७३७ वर मोठी झाली ती त्यावरच. आपल्याकडे किंगफिशरने पंख्याच्या लहान एटीआरपासून लांब पल्ल्याच्या ए-३३० पर्यंत सगळे गोळा केले, वर ए-३८० चीही मागणी नोंदवली आणि २०१२ मध्ये दुकान बंद केले. बुडण्याची कारणे आणखीही होती, पण ही खिचडी त्यातलीच एक.

तरीही इंडिगोने २०१७ मध्ये एटीआर घेऊन स्वतःचाच नियम मोडला. कारण लहान धावपट्टी, लहान गाव, सरकारची 'उडान' योजना. त्यातही हिशेब आहेच: ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत मार्गांवर उतरण्याचे शुल्क माफ असते. या विमानाची आसने ७८! उजळाईवाडीला, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या विमानतळावर, हैदराबादचे विमान लागते, तेव्हा लोक शेपटीकडच्या दाराने चढतात, एका ओळीत चारच जागा, चाकांची नेहमीची बॅग वरच्या कप्प्यात मावत नाही. पंख मात्र डोक्यावर असल्याने खालचे उसाचे फड कुठल्याही खिडकीतून मोकळे दिसतात. जेटच्या तुलनेत आवाज जास्त, पण आम्हाला त्याचे काही नाही, विमान आले हेच पुष्कळ.

आता तर एप्रिल २०२४ मध्ये ३० मोठी ए-३५० मागवून झाली आणि पुढे तो आकडा ६० वर गेला. ती यायच्या आधीच दुसऱ्याची बोइंग ७८७ भाड्याने घेऊन जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केले. बिझनेस क्लासही आला. याला 'बजेट' म्हणायचे का, ते ज्याने-त्याने ठरवावे.

विमाने एकसारखी असण्यात धोकाही असतो. निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांनी दगा दिला आणि त्याच इंजिनांवर विसंबलेली गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, ती कायमचीच. इंडिगोचीही २०२४ च्या सुरुवातीला सत्तरहून अधिक विमाने जमिनीवर होती. तिने २०१९ मध्येच पुढच्या विमानांसाठी दुसऱ्या कंपनीची इंजिने मागवली होती, म्हणून ती तरली.

म्हणजे इंजिन, इंधन, भाडेकरार, सगळ्याची तजवीज होती. राहिली माणसे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. आठवड्याची सुटी ३६ ऐवजी सलग ४८ तास, रात्रीची उतरणी सहाऐवजी दोन. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. तयारीला जवळपास दोन वर्षे होती, तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काय झाले ते आपणच पहिल्या पानावर छापले. ५ तारखेला एका दिवसात इंडिगोची हजारावर उड्डाणे रद्द, लोक विमानतळांच्या फरशीवर, आणि इतर कंपन्यांची तिकिटे इतकी चढली की सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. देशातल्या दहापैकी सहाहून अधिक प्रवासी एकाच कंपनीचे, मग दुसरीकडे जाणार कुठे? सरकारनेही शेवटी नियमातच तात्पुरती सूट दिली. प्रवाशांचे हाल थांबले असतील, पण थकलेल्या वैमानिकाच्या हाती विमान नको म्हणून केलेला नियम कंपनीची तयारी नव्हती म्हणून सैल होतो, हे मला अजून पटलेले नाही.

विमान कारखान्यातून येते. कॅप्टनच्या परवान्याला किमान १५०० तासांचे उड्डाण लागते आणि ते तास भाड्याने मिळत नाहीत. दिवसभर उडणाऱ्या एका विमानाला निदान पाच-सहा जोड्या वैमानिक हवेत. ५०० चा गुणाकार वाचकाला करता येतो, पण तो करायला बातमीत वैमानिकांचा आकडा तर हवा! नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्याने उतरायच्या जागेची अडचण आता थोडी सैल होईल आणि कंपन्या आणखी वेगाने विमाने आणतील. पुढची ऑर्डर जाहीर होईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने पत्रकार परिषदेत दोनच प्रश्न विचारावेत: ही विमाने चालवायला किती कॅप्टन आज नोकरीत आहेत, आणि उरलेले कोणत्या वर्षी तयार होणार? उत्तर आले तरी छापा, टाळले तरी छापा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर