संघटनेच्या कार्यालयातून काढलेल्या सात कर्मचाऱ्यांसाठी मदतीचं आवाहन

सभासद बंधू-भगिनींनो,

आपल्या संघटनेच्या कार्यालयात काम करणाऱ्या सात जणांना गेल्या काही महिन्यांत कामावरून काढण्यात आलं. निवडणुकीच्या वादातून संघटनेत दोन गट पडले आहेत; पाच जणांना एका गटाने काढलं, दोघांना दुसऱ्या गटाने. कोणालाही आरोपपत्र मिळालं नाही, कोणाचीही चौकशी झाली नाही. पाच पत्रांवर मजकूर एकच होता: आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे. उरलेल्या दोघांना पत्रसुद्धा मिळालं नाही. सकाळी कामावर आल्यावर शाखा कार्यालयाचं कुलूप बदललेलं दिसलं, तेव्हा त्यांना कळलं.

या सात जणांसाठी मदत मागायला हे पत्रक काढलं आहे. आमच्या सहाय्य समितीत दोन्ही गटांना मत दिलेले सभासद आहेत, काही निवृत्त कामगार आहेत. निवडणूक कोणी जिंकली, कोणती कार्यकारिणी खरी, हा वाद आम्ही इथे काढणार नाही. त्याचा निकाल लागायचा तिथे लागेल. पण तो लागेपर्यंत सात घरांनी काय करायचं, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे, कारण त्यांचा पगार आपल्या वर्गणीतून निघत होता. मालक कोण म्हणाल, तर आपणच.

समितीतर्फे हे पत्रक लिहिणारा म्हणून माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. ज्या सभेत ‘जुन्या लोकांची माणसं कार्यालयातून काढा’ अशी घोषणा झाली, त्या सभेत मी होतो आणि इतरांबरोबर मीही हात वर केला होता. ‘माणसं’ म्हणजे नेमकं कोण, हे त्या वेळी मी विचारलं नाही. नंतर यादी पाहिली तर तिच्यात वर्गणीच्या पावत्या फाडणारे दोन लिपिक होते, टंकलेखन करणाऱ्या ताई होत्या, गाडी चालवणारे होते, झाडलोट करणारे मामा होते. माझ्या बडतर्फीच्या वेळी याच ताईंनी माझ्या आरोपपत्राचं उत्तर रात्री नऊ वाजेपर्यंत बसून टाइप करून दिलं होतं. त्या उत्तरामुळे माझी नोकरी वाचली. तो वर केलेला हात मला आजही टोचतो, म्हणून हे लिहायचं काम मी मागून घेतलं.

गट पडले की पहिला घाव कार्यालयातल्या माणसांवर का बसतो, हे समजून घ्यायला हवं. ही माणसं राजकारणात असतात म्हणून नव्हे. सभासद नोंदवही त्यांच्या कपाटात असते, आणि ती ज्याच्या हातात त्याच्या हातात मतदारयादी. पावतीपुस्तकं त्यांच्याकडे असतात, त्यावरून कोणाची वर्गणी थकली आणि कोण मतदानाला अपात्र ठरलं ते ठरतं. इतिवृत्ताची वही, शिक्का, लेटरहेड, बँकेची पासबुकं, सगळं तिथेच. दोन गट एकाच वेळी ‘नोंदवही आमच्या ताब्यात द्या’ म्हणतात, तेव्हा लिपिकाने काय करावं? तोवर ज्यांच्या सहीने पगार होत होता त्यांचं ऐकलं, तर दुसऱ्यांच्या लेखी तो गद्दार. दुसऱ्यांना वही दिली, तर पहिल्यांच्या लेखी चोर. कोणालाच न देता कपाटाला कुलूप लावून बसला, तर दोघांच्याही लेखी अवज्ञा. एका गटाने काढलेल्या त्या पाच जणांपैकी तिघांनी हा तिसरा मार्ग धरला होता. आमच्या मते तोच सगळ्यात प्रामाणिक मार्ग होता.

आता या सगळ्याचा आपल्याला बसणारा फटका सांगतो, कारण तो अजून अनेकांच्या लक्षात आलेला नाही. कार्यालय बंद म्हणजे फक्त दिवाबत्ती बंद, असं नाही. कामगार न्यायालयात आपल्या सभासदांची जी प्रकरणं चालू आहेत, त्यांच्या तारखा एका जाड डायरीत लिहिलेल्या असत. तारखेच्या आदल्या दिवशी फोन कोण करायचं? वकिलांकडे मूळ कागद कोण पोचवायचं? साक्षीदाराला सोबत घेऊन कोण जायचं? तेच, ज्यांना आज दाराबाहेर काढलं आहे. तारखेला संघटनेकडून कोणी उभं राहिलं नाही की अर्ज गैरहजेरीत निकाली निघू शकतो. मग तो पुन्हा दाखल करून घेण्यासाठी वेगळा अर्ज करायचा, उशिराची कारणं द्यायची. व्यवस्थापनाच्या वकिलांना याहून सोपा विजय कोणता? भविष्य निर्वाह निधीचे अडकलेले फॉर्म, ग्रॅच्युइटीचे दावे, अपघाताच्या भरपाईचे अर्ज, खातेअंतर्गत चौकशीत बचाव प्रतिनिधी म्हणून कोणाला उभं करायचं ते, ही सगळी कामं आज थांबली आहेत. दोन्ही गटांनी बँकेला परस्परविरोधी पत्रं दिल्याने खातंही गोठलं आहे, त्यामुळे वकिलांची फी थकली आहे.

‘हिशेबात घोळ होता, म्हणून काढलं,’ असं काही जण म्हणतात. घोळ असेल तर तो बाहेर यायलाच हवा. वर्गणीच्या एकेका पैशाचा हिशेब मागण्याचा सभासदांना हक्क आहे आणि आम्हीही तो मागतो. पण त्यासाठी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्या, आरोप लेखी द्या, माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्या. व्यवस्थापनाने आपल्यातल्या कोणाला नुसत्या संशयावरून काढलं की आपण गेटवर याच मागण्या करतो ना? कुजबुजीवर कोणाची नोकरी गेलेली आपण कधीही मान्य केलेली नाही.

दुसरं म्हणणं जास्त विचार करण्यासारखं आहे. नवीन पदाधिकारी निवडून आले तर त्यांना स्वतःच्या विश्वासाची माणसं घेऊन काम करण्याचा अधिकार नाही का? हा प्रश्न फक्त आपल्याकडे उभा राहिलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1982 साली फिनेगन विरुद्ध ल्यू हा खटला चालला. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या मोठ्या युनियनच्या स्थानिक शाखेचा नवा अध्यक्ष निवडून आला आणि आधीच्या अध्यक्षाचा प्रचार करणाऱ्या, नेमणुकीने आलेल्या युनियन प्रतिनिधींना त्याने काढून टाकलं. न्यायालयाने निकाल अध्यक्षाच्या बाजूने दिला. सभासदांनी ज्याला निवडून दिलं त्याला आपलं धोरण राबवणारी माणसं निवडता आली पाहिजेत, आणि काढलेल्यांचं सभासदत्व तर शाबूत आहे, असं त्यामागचं कारण होतं. पण धोरण ठरवणं किंवा गोपनीय काम सांभाळणं ज्यांच्याकडे नाही, अशा कर्मचाऱ्यांच्या बाबतीत वेगळा निकाल लागू शकेल का, हा प्रश्न न्यायालयाने त्याच निकालात खुला ठेवला. पुढे 1989 साली त्याच न्यायालयाने सांगितलं की सभासदांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला वर्गणीवाढीविरुद्ध बोलल्याबद्दल पदावरून काढता येणार नाही.

तो कायदा त्या देशाचा आहे, आपल्या वादाला तो लागू होत नाही. आम्ही त्यातून एक फरक तेवढा घेतो, तो कुठल्याही देशात पटेल. सरचिटणीसांचे सल्लागार बदला, प्रवक्ता बदला, संघटक बदला, याबद्दल आमची तक्रार नाही. पावत्या फाडणाऱ्या लिपिकाचं आणि झाडलोट करणाऱ्या मामांचं कोणतं धोरण होतं?

संघटना स्वतः मालक होते तेव्हा तिला वेगळा न्याय लावायचा का, हाही जुनाच प्रश्न आहे. त्याच टीमस्टर्सच्या पोर्टलंडमधल्या कार्यालयीन लिपिकांनी स्वतःची संघटना करू पाहिली तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रम मंडळाने, म्हणजे मालक-कामगार वाद पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, युनियनसारख्या मालकांच्या बाबतीत लक्ष घालायला नकार दिला होता. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला: संघटना मालक म्हणून वागते तेव्हा इतर मालकांना लागू असलेला कायदा तिलाही लागू होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1982 सालचा 158 क्रमांकाचा करार तर स्पष्ट सांगतो की वागणुकीच्या किंवा कामगिरीच्या कारणावरून कोणाला काढायचं असेल तर आधी त्याला बचावाची संधी द्यायला हवी. आपण आपल्या मागणीपत्रांत हेच लिहीत आलो. आपल्याच कर्मचाऱ्यांना मात्र आपण कधी नेमणूकपत्रं दिली नाहीत, सेवानियम केले नाहीत, त्यांच्या रजांची नोंद ठेवली नाही. यात आजच्या दोन्ही गटांबरोबर आधीच्या सगळ्या कार्यकारिण्याही आल्या आणि गप्प बसलेले आपणही आलो.

वाद सरकारकडे न्यावा, प्रशासक आणावा, असंही काही सभासदांना वाटतं. आम्हाला ते धोक्याचं वाटतं. आपला कारभार आपण चालवायचा आणि आपले प्रतिनिधी आपण निवडायचे, हा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1948 सालच्या 87 क्रमांकाच्या करारात लिहिलेला आहे. त्यासाठी कामगारांच्या पिढ्या भांडल्या. घरातली दोन माणसं भांडली म्हणून किल्ल्या बाहेरच्याच्या हाती दिल्या, तर त्या परत मिळतीलच असं नाही.

फुटी जुळतात, हेही सांगायला हवं. 1929 साली नागपूरच्या अधिवेशनात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस फुटली, ना. म. जोशींसारखे नेते बाहेर पडले, आणि 1940 पर्यंत तोच गट परत आला. अमेरिकेत एएफएल आणि सीआयओ या कामगार संघटनांच्या दोन महासंघांनी अनेक वर्षं वैर धरलं आणि 1955 साली दोन्ही एक झाले. आपलेही दोन गट कधीतरी एका व्यासपीठावर बसतील, असा आम्हाला विश्वास आहे. नेत्यांना थांबायला वेळ असतो. ज्याच्या घरी महिनाअखेरीला पगार येत नाही तो तेवढी वर्षं थांबू शकत नाही.

म्हणून मदत मागतो आहोत. प्रत्येक सभासदाने एका दिवसाचा पगार द्यावा, ही आमची विनंती आहे. ज्याला तेवढं जमत नसेल त्याने जमेल तेवढं द्यावं; कमी दिलं म्हणून कोणी विचारणार नाही. निधीसाठी बँकेत वेगळं खातं आहे, पैसे काढायला तीन सह्या लागतात आणि तिघांपैकी कोणीही सध्याच्या किंवा आधीच्या कार्यकारिणीत नाही. पैशातून आधी सातही घरांना दरमहा निर्वाह भत्ता जाईल, त्यात ज्यांच्या घरी आजारपण किंवा मुलांची फी आहे त्यांना थोडा जास्त. उरलेल्यातून दाव्यांचा खर्च आणि कागदपत्रांच्या प्रती. कोणत्याही गटाच्या प्रचाराला, पोस्टरला, गाडीच्या इंधनाला यातला एक पैसाही जाणार नाही. जमा-खर्च दर महिन्याला गेटजवळच्या फलकावर लागेल. पुढे कोणाला मागच्या पगारासह कामावर घेतलं, तर त्यांनी घेतलेला भत्ता निधीत परत करायचा, असं सातही जणांनी लिहून दिलं आहे. निःपक्ष चौकशीत कोणी दोषी ठरलं तर त्यांचा भत्ता त्या दिवसापासून थांबेल, पण आधी दिलेलं परत मागितलं जाणार नाही. यावर समितीत बरीच चर्चा झाली. घरात धान्य संपलेल्या माणसाकडे वसुलीला जायचं नाही, यावर शेवटी सगळे एक झाले.

पैशाशिवायही खूप काही हवं आहे. तुमच्याकडे वर्गणीच्या जुन्या पावत्या असतील तर त्यांच्या छायाप्रती द्या. नोंदवहीत उद्या फेरफार झाला तर याच पावत्या उपयोगी पडतील. हिशेब तपासायला विनामूल्य वेळ देणारा लेखापरीक्षक आणि दोन्ही गटांना मान्य होईल असा चौकशी अधिकारी आम्ही शोधतो आहोत. निवृत्त न्यायाधीश किंवा जुने कामगार वकील कोणाच्या ओळखीचे असतील तर कळवा. विशेष सर्वसाधारण सभेच्या मागणीपत्रावर सह्याही हव्या आहेत. त्या सभेसमोर आमचा एकच ठराव असेल: सातही सेवासमाप्त्यांना चौकशी पूर्ण होईपर्यंत स्थगिती द्यावी आणि कर्मचाऱ्यांसाठी लेखी सेवानियम करावेत. दोन्ही बाजूंच्या पदाधिकाऱ्यांना आम्ही हा मसुदा दिला आहे. त्यांनी आधीच मान्य केला तर सभेची गरजही पडणार नाही, आणि आम्हाला त्याचा सर्वांत जास्त आनंद होईल.

पैसे समितीच्या खजिनदारांकडे किंवा प्रत्येक पाळीतल्या आमच्या प्रतिनिधीकडे द्यावेत. समितीचा शिक्का असलेली पावती हातात पडल्याशिवाय कोणालाही काही देऊ नये.

आणि ज्यांच्या प्रकरणाची तारीख याच महिन्यात आहे, त्यांनी निधीचा विचार नंतर करावा, आधी आम्हाला येऊन भेटावं. काढून टाकलेल्या दोन्ही लिपिकांना बऱ्याच तारखा तोंडपाठ आहेत, आणि त्यांनी पगाराशिवाय रोज संध्याकाळी दोन तास बसून ती डायरी पुन्हा लिहायला घेतली आहे. तुमचं नाव, प्रकरण क्रमांक आणि वकिलांचं नाव कागदावर लिहून आणा. शक्य असेल तर मागच्या तारखेच्या आदेशाची प्रतही सोबत आणा.

आपली,
सहाय्य समिती