मीटर माझ्या हातात देणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

भाऊ, नमस्कार.

तुमचे पैसे चुकते केले, पण आभार मानायला त्या दिवशी तोंडातून शब्दच फुटला नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयात मासे धरणाऱ्यांना, पाण्यात मोटार बंद पडली की काय होतं ते सांगायला नको. दुपारून वारं उठलं की लाटा वाढतात आणि काठ लांबच लांब वाटतो. आमच्या ह्यांचा खांदा निखळल्यापासून दोरी ओढून मोटार चालू करणं त्यांना झेपत नाही. सगळी भिस्त सेल्फवर, म्हणजे बटणाने मोटार चालू करणाऱ्या स्टार्टरवर, आणि बटण दाबलं की नुसतं टकटक.

इथे समुद्र नाही, मग होडीच्या मोटारीचा मिस्त्री शोधायचा कुठे? एका दुकानदाराने नवी बॅटरी गळ्यात मारली. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्याने बॅटरीपासून मोटारीकडे जाणारी केबल फाटली होती तिथे तारा पिळल्या, काळी टेप गुंडाळली आणि पैसे मोजून घेतले. नेमकं काय बिघडलंय असं विचारलं, तर म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं बाई, घरच्या माणसाला पाठवा." मोटारीचा हप्ता मी भरते, मासळीचा हिशेब मी ठेवते, व्यापाऱ्याशी भाव मी करते. ते वाक्य अजून सलतंय.

तुम्ही तर ट्रॅक्टर आणि रिक्षांची वायरिंग करणारे. आल्याआल्याच सांगून टाकलंत, "ताई, होडीचं इंजिन मी कधी खोललेलं नाही. पण लाईन बाराच व्होल्टची आहे ना, मग बघू." आणि इंजिनाला हातही लावला नाहीत. मीटरची एक सुई बॅटरीच्या टर्मिनलवर धरलीत, दुसरी त्याच केबलच्या मोटारीकडच्या टोकाला. आमच्या पोराला बटण दाबायला सांगितलंत आणि मीटर माझ्या हातात दिलंत. "आकडा तुम्ही वाचा, ताई."

आकडा चारच्या वर गेला. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा, तुम्ही म्हणालात. एवढं केबलच खातेय, मग सेल्फला उरतंय काय? मला कळलं, भाऊ. एका वाक्यात कळलं. बॅटरी नुसती ठेवली की 12.6 दाखवायची आणि बटण दाबलं की मोटार फिरायची नाही, हे कोडं किती दिवस आमच्या घरात होतं!

मग टेप सोडून केबल चिरून दाखवलीत. फळीच्या कडेला घासून वरचं रबर कापलं गेलं होतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं होडीच्या तळातलं पाणी तारांमधून आत चढलं होतं. तांबं हिरवं, पुढे काळं. जोड न देता तुम्ही अख्खी केबल बदललीत, कल्हई केलेल्या तारांची, तेवढीच जाड. केबलच्या टोकाला नवं थिंबल, म्हणजे जोडणीची धातूची टोपी, दाबून बसवलंत, वर स्लीव्ह, आणि फळीवर घासते तिथे रबराची नळी. मग पुन्हा मीटर माझ्याच हातात. 0.2. पोराने बटण दाबलं आणि पहिल्या दमात मोटार चालू झाली.

समोरच्याला कळेल असं धरून बोलायला पैसा लागत नाही. तरी दवाखान्यात जा, बँकेत जा, कचेरीत जा, आपलाच कागद आपल्याला उलगडून दाखवणारा माणूस क्वचित भेटतो. तुम्ही स्वतःला काय येत नाही ते आधी सांगितलंत आणि जे येतं ते माझ्यापासून लपवलं नाहीत. अशा माणसाच्या हाती मी डोळे मिटून काम सोपवीन, आणि तुम्ही तर डोळे उघडे ठेवायला लावलेत.

आमच्या काठावर आणखी दोन होड्यांच्या केबली तशाच टेप गुंडाळलेल्या आहेत. त्यातल्या एकीचा कारभार माझी जाऊ बघते. तिला तुमच्याकडे पाठवतेय. मीटर तिच्याही हातात द्या.