अर्थमंत्र्यांना खुले पत्र: अकरा महिने राबवून घेतलंत, आता आम्ही जायचं कुठे?

मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सादर नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत विरोधी पक्षाकडून उभी आहे. हे पहिल्या ओळीतच सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण उमेदवार होण्याआधी मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली प्रशिक्षणार्थी होते, आणि हे पत्र त्या नात्यानं लिहिते आहे.

परवा आमच्या गटात सत्ताधारी पक्षाची प्रचारसभा झाली. वक्त्यानं सरकारच्या योजनांची यादी वाचली, त्यात आमचाही उल्लेख केला. लाखाहून अधिक तरुणांना सरकारनं काम दिलं, म्हणाले. टाळ्या पडल्या. माझ्याबरोबर काम केलेल्या तिघी समोरच बसल्या होत्या, तिघीही आज घरी आहेत. त्यातली एक उठली आणि तिनं विचारलं, "दिलेलं काम काढून का घेतलं?" कार्यकर्त्यांनी तिला खाली बसवलं. त्या रात्रीपासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ही योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. दर वर्षी १० लाख तरुणांचं उद्दिष्ट सांगितलं होतं. त्याच आषाढीला पंढरपुरात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी लाडक्या भावांसाठी योजना आणल्याचं सांगितलं आणि चार महिन्यांनी विधानसभेचं मतदान झालं. पुढे आंदोलनं झाली, मुदत अकरा महिने झाली. अकरा महिने भरले की घरी जायचं. आझाद मैदानावर आमची मुलं बसली, नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे गेले, निवेदनं देऊन देऊन हात दुखले.

मी बी.एस्सी. आहे. एका सरकारी कार्यालयात माझी नेमणूक झाली. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही, तिथली माणसंही आमच्यासारखीच कामाखाली दबलेली होती. आवक-जावक मी सांभाळली, ऑनलाइन अर्ज भरले, खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या माणसांची केवायसी केली. ज्या टेबलावर बसत होते ते एका निवृत्त लिपिकाचं. पद मंजूर आहे, माणूस नाही. माझं विद्यावेतन महिनोन्महिने अडकायचं. रोजच्या एसटीच्या भाड्याला मी बचत गटातून कर्ज काढलं, आणि त्याच टेबलावर बसून आलेल्या माणसाला सांगत होते, "काका, पैसे येतील तुमच्या खात्यावर." बाबांच्या साखरेच्या गोळ्या त्या काळात एक दिवसाआड झाल्या. हे मी घरात कुणाला बोलू दिलं नाही, कारण पोरगी सरकारी कार्यालयात जाते याचा त्यांना अभिमान होता.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन मी लातूरच्या एमआयडीसीत फिरले, दालमिलमध्ये गेले, तेलाच्या कारखान्यात गेले. आवक-जावकेच्या नोंदवहीचा अनुभव तिथे कुणाला हवा आहे? कौशल्य शिकवायचं होतं तर ज्या कौशल्याला इथे काम आहे ते का शिकवलं नाही? आणि रिकामी पदं तात्पुरती भागवायची होती, तर त्याला प्रशिक्षण का म्हणालात?

साहेब, पैसा नाही असं आम्हाला सांगितलं जातं. मग तुमच्याच २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातले आकडे घ्या. राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार. नुसत्या व्याजाला ६४ हजार कोटींच्या वर. महसुली तूट ४५,८९१ कोटी. एवढी ओढाताण चालू असताना जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन आणि नियोजनासाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली. या कर्जाच्या भाराबद्दल खुद्द अर्थ विभागानं काळजी व्यक्त केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तेव्हाच्या आखणीत वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, एकूण अंदाज ८६ हजार कोटींचा. नागपूरहून गोव्याला अठरा तासांऐवजी आठ तासांत पोचता येईल म्हणे. आमच्या तालुक्यातून गोव्याला जायची घाई कुणाला आहे? आम्हाला लातूर–टेंभुर्णी रस्ता नीट हवा आहे. तो वर्षानुवर्षं मागतो आहोत, कारण पुण्याला कामाला जाणारी आमची पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं त्याच रस्त्यानं जातात.

एक साधा हिशेब मांडते. प्रशिक्षणार्थी सव्वा लाख धरा. प्रत्येकाला सरसकट दहा हजार दिले तरी वर्षाला १,५०० कोटी होतात. एका महामार्गाच्या नुसत्या जमिनीला आणि नियोजनाला मंजूर केलेल्या रकमेत या सगळ्या मुलांना तेरा वर्षांहून जास्त काळ काम देता आलं असतं. तेव्हा तिजोरीत पैसा नाही हे आम्हाला सांगू नका. पैसा कशाला द्यायचा ते तुम्ही ठरवलंत आणि त्या यादीत आम्ही नाही, एवढं खरं बोला.

लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवर मी टीका करणार नाही. माझ्या आईला ते मिळतात, घरातला किराणा त्यातून येतो, आणि हातात स्वतःचे पैसे असलेली माझी आई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ते पैसे कुणी बंद करायचं म्हटलं तर मी आधी रस्त्यावर उतरेन. पण या योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवताना तुम्ही काय केलंत? सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी इकडे वळवलेत. तुमच्याच सरकारातल्या मंत्र्यानं मे २०२५ मध्ये त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. दलित आणि आदिवासी लेकरांच्या वसतिगृहाच्या, शिष्यवृत्तीच्या हक्काचा तो निधी. एका गरीब घरातून काढून दुसऱ्या गरीब घरात द्यायचं, आणि दोन्ही घरांनी तुमचे आभार मानायचे? शिवाय २,१०० रुपयांचं जे वचन नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलंत, त्याचं काय झालं ते आई मला दर महिन्याला विचारते. त्याच वचननाम्यात २५ लाख रोजगार होते. ते मी विचारते.

आता स्थानिक रोजगाराचं. मार्च २०१८ मध्ये लातूरला रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. आमच्याकडे सगळे बोगी कारखाना म्हणतात. तेव्हा गावागावांत पेढे वाटले होते. माझ्या भावानं त्याच भरवशावर आयटीआयला फिटरला प्रवेश घेतला. डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. मग कारखाना थंड. २०२३ मध्ये १२० वंदे भारत गाड्यांचा करार झाला, पुन्हा भाषणं झाली. भाऊ वाट बघून बघून चाकणला गेला. आज एका कंपनीत ठेकेदाराकडे आहे, कायम नाही, दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात. दिवाळीला दोन दिवस येतो. ज्या कारखान्यासाठी तो फिटर झाला तो त्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या, पर्यवेक्षकांमध्ये ५० टक्के, असा उद्योग विभागाचा २००८ चा शासन निर्णय आहे. त्यात स्थानिक म्हणजे राज्यात पंधरा वर्षं राहिलेला माणूस. म्हणजे कारखाना लातूरचा आणि कामगार राज्यातल्या कुठल्याही टोकाचा असला तरी कागद पूर्ण होतो. ज्यांची जमीन गेली त्यांच्या पोराला त्यात वेगळी जागा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये आमच्या आघाडीच्या सरकारनं राज्यपालांच्या अभिभाषणातून ८० टक्क्यांचा कायदा करू असं सांगितलं होतं. तो कायदा झाला नाही. मी माझ्या पक्षाच्या बैठकीतही हे बोलले आहे आणि इथेही लिहिते. तुम्ही मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं सत्तेत आहात. उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजनेतून अनुदान देता, वीजशुल्क माफ करता, तर त्या बदल्यात कोणत्या कंपनीत कोणत्या तालुक्यातली किती माणसं कायम आहेत हे का छापत नाही? जानेवारी २०२५ मध्ये दावोसला १५ लाख ७० हजार कोटींचे करार झाले म्हणून जाहिराती दिल्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळ बसलं आणि मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून अधिक जाहीर झाले. त्यातले आमच्या तालुक्यात किती पोचले ते सांगणारा एक कागद मला आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही.

भरतीबद्दल तर बोलतानाच गळा दाटतो. मार्च २०१९ ची जिल्हा परिषद भरती आठवा. अर्ज घेतले, शुल्क घेतलं, परीक्षा वर्षानुवर्षं रखडवली आणि शेवटी भरतीच रद्द. त्या काळात माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलामुलींची वयोमर्यादा उलटली. २०२३ ची तलाठी भरती घ्या. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर, शुल्क ९०० आणि १,००० रुपये. कमीत कमी धरलं तरी ९० कोटी रुपये बेरोजगारांनी भरले. माझ्या अर्जांसाठी आईनं कानातलं मोडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढलात, पोरं रस्त्यावर आली तेव्हा ऑक्टोबरमध्ये रद्द केलात. निर्णय रद्द झाला, पण कंत्राटी माणूस कुठल्या कार्यालयातून गेला? दवाखान्यात कंत्राटी, पंचायत समितीत कंत्राटी, शाळेत मानधनावर. दोन लाखांहून अधिक सरकारी पदं रिकामी आणि मंजूर पदावर माझ्यासारखी अकरा महिन्यांची मुलगी. तीही आता नाही, म्हणून ते टेबल पुन्हा रिकामं, आणि खेड्यातला माणूस पुन्हा तीन-तीन चकरा मारतो आहे.

आमच्या लातूरचा शिक्षणात नावलौकिक. शेतकरी पोटाला चिमटा काढून लेकरू शिकवतो, सोयाबीन हमीभावाच्या खाली विकून क्लासची फी भरतो. शिकलेलं लेकरू मग जिल्ह्यात राहू शकत नाही. आणि हे कुणाला विचारायचं? मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक बसला. कुणी निवडून आलेलं नाही म्हणून कुणी जबाबदार नाही. अधिकारी म्हणतो वर विचारा, आमदार म्हणतात निधी नाही, मंत्री सभेत यादी वाचून निघून जातात.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रशिक्षणार्थ्यांचं थकलेलं विद्यावेतन व्याजासह द्या. ज्या कार्यालयात पद मंजूर आणि रिकामं आहे तिथे भरती करा, आणि तिथेच काम केलेल्यांना त्या भरतीत अनुभवाचे गुण व वयात सवलत द्या. परीक्षा रद्द झाली तर शुल्क तीस दिवसांत खात्यावर परत आलं पाहिजे. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यातल्या कायम कामगारांची तालुकानिहाय यादी दर वर्षी विधिमंडळात ठेवा, बोगी कारखान्यापासून सुरुवात करा. आणि सामाजिक न्याय व आदिवासी विकासाचा वळवलेला निधी परत करा.

मी निवडून येईन किंवा पडेन, या मागण्या बदलणार नाहीत. जिल्हा परिषदेत बसले तर पहिल्या सभेत रिक्त पदांची यादी मागणार आहे. पडले तर माहिती अधिकारात मागणार आहे, आणि दोन्ही वेळेला सभेत खाली बसवलेली ती मुलगी माझ्याबरोबर असेल. आपलं उत्तर लेखी हवं, आकड्यांसह, आपल्या सहीचं.

आपली,
जिल्हा परिषद निवडणुकीतील विरोधी पक्षाची उमेदवार,
तालुका औसा, जिल्हा लातूर