शंखावरचा काळा थर

इतवारी, नागपूर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर धड बोलली नाहीस. "सरांनी परत बघायला सांगितलं" एवढंच म्हणालीस आणि आईकडे फोन द्यायला लावलास. तिच्याकडून मग सगळं कळलं. समुद्रतळाच्या गरम झऱ्यांजवळच्या ज्या गोगलगायी सहा महिने तू दोन वेगळ्या जाती म्हणून मांडत आलीस, एक काळी आणि एक पांढरट, त्या एकच असाव्यात असं तुझ्या सरांचं म्हणणं. मला फोनवर मनातलं बोलता येत नाही, म्हणून शटर ओढून गादीवर बसून लिहितो आहे.

मी नुकता आपल्या सराफीच्या दुकानात बसायला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. काटोलकडची एक म्हातारी पदराच्या गाठीत बांधून माळ घेऊन आली. चुलीच्या धुराने आणि वर्षानुवर्षांच्या मळाने काळी ठिक्कर पडलेली. मी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि "आजी, पितळ आहे" म्हणून परत दिली. तुझे आजोबा शेजारीच होते. ते मला काही बोलले नाहीत. त्यांनी माळ मागून घेतली, रिठ्याच्या पाण्यात घातली, ब्रशने घासली, एक मणी कसोटीवर ओढला आणि रेघेवर तेजाब लावलं. रेघ तशीच राहिली, म्हणजे सोनंच. म्हातारी तोपर्यंत पायरीवर बसून होती. मी तिला उठवून पाठवणार होतो, ही गोष्ट मला आजही झोपेत आठवते.

तू मागच्या दिवाळीत त्या लोखंडी खवल्यांच्या गोगलगायीबद्दल सांगितलंस ना, ते मी हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलं आहे. नंतर वाचनालयात बसून आणखीही वाचलं. हिंदी महासागराच्या मधल्या डोंगररांगेत, जवळजवळ अडीच किलोमीटर खोल, तळातून तापलेलं पाणी उसळतं त्या कैरेई नावाच्या जागी ती 2001 साली सापडली. पायावर कौलांसारखे एकावर एक खवले, आणि खवल्यांवर लोह-गंधकाचा मुलामा. त्यातलं एक खनिज म्हणजे पायराइट, आपले वैद्य ज्याला माक्षिक म्हणतात त्याच घराण्यातलं. कोळशात सापडलेला असला पिवळा चमकणारा खडा घेऊन अजूनही कुणीतरी "सोनं आहे का बघा" म्हणत दुकानात येतं. तेच एक जीव अंगावर वागवतो हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पण मला तुझ्याशी बोलायचं आहे ते पुढच्या भागाबद्दल. 2009 साली त्याच महासागरात सॉलिटेअर नावाच्या दुसऱ्या जागी तशाच गोगलगायी सापडल्या. तेच खवले, तीच ठेवण, पण रंग पांढरट. लोहाचा थर नाहीच. काळी ती एक जात, पांढरी ती दुसरी, असं कुणीही म्हटलं असतं. डीएनए पाहिला तर जात एकच. पुढे कारणही उलगडलं. खवल्यांतल्या अतिसूक्ष्म नळ्यांतून गोगलगाय आतलं गंधक बाहेर सोडते आणि पाण्यातलं लोह त्याला येऊन मिळतं. त्या दुसऱ्या जागच्या पाण्यात लोह फार थोडं. म्हणजे काळा रंग तिथल्या पाण्याने चढवलेला. जीव दोन्हीकडे तोच.

तिचं रीतसर नाव छापून आलं ते 2015 मध्ये. क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. सापडल्यापासून चौदा वर्षं! त्या काळात लोक तिला टोपणनावानेच ओळखत होते, पण बारसं घाईने उरकलं नाही. शंखाचे तीन थर तपासले: बाहेर लोह-गंधक, मध्ये जाड सेंद्रिय थर, आत चुन्याचा. जिभेवरच्या दातांची पट्टी पाहिली. अंग उघडलं तेव्हा अन्ननलिकेची एक ग्रंथी अवाढव्य फुगलेली निघाली, तिच्यात जिवाणू राहतात आणि तेच तिला पोसतात. शरीराच्या मानाने हृदयही केवढं मोठं! खवल्यांकडे बघून ती कुणाचीच नातेवाईक वाटत नाही, तरी आतल्या रचनेवरून आणि जनुकांवरून तिला पेल्टोस्पिरिडी या कुळात जागा मिळाली. तिथल्या इतरांना असे खवले नाहीतच.

नाव असल्यावर काय होतं तेही मी वहीत लिहिलं आहे. 2019 साली तिची नोंद आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून झाली, समुद्रतळाच्या खाणकामामुळे धोक्यात आलेली म्हणून यादीत आलेली ती पहिलीच जात. तेव्हा ती तीनच ठिकाणी माहीत होती. त्या गरम झऱ्यांभोवती तांबं, जस्त आणि सोनंही साचतं. भारतानेही 2016 मध्ये हिंदी महासागरातल्या दहा हजार चौरस किलोमीटर तळावर अशा धातूंचा शोध घेण्याचा करार केला आहे. मी सोन्यावर पोट भरणारा माणूस. तरी सांगतो, तिथे कोण राहतं हे आधी नीट लिहिलं गेलं पाहिजे. तू जर एका जातीच्या दोन केल्यास तर त्या यादीत खोट येईल, आणि दोनाची एक केलीस तरी तेवढीच येईल. म्हणून सर म्हणतात म्हणून मान्य करू नकोस, आणि सहा महिने घातले म्हणून धरूनही बसू नकोस.

तुला अजब बंगल्यात, आपल्या इथल्या म्युझियममध्ये, नेलं होतं, आठवतं? येताना मी हिस्लॉपसाहेबांची गोष्ट सांगितली होती. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच. आपल्या टाकळीच्या दगडांतून, काळ्या पाषाणाच्या थरांमधून त्यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म काढले आणि 1860 साली त्यांची वर्णनं छापली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गोगलगायी, आपल्या शहराच्या पोटात! 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडून वारले. त्यांच्या हाती नुसते शंख होते, दगड झालेले. वळसे मोजायचे, तोंडाचा आकार पाहायचा, दुसऱ्या शंखाशेजारी ठेवायचा, बस. तुझ्याकडे तर अख्खा जीव बाटलीत आहे. दात आहेत, हृदय आहे, डीएनए आहे.

तेव्हा आधी तो काळा थर उतरव. झऱ्यांजवळच्या शंखांवर खनिजाचं कवच चढतं असं तूच म्हणाली होतीस. दोन-तीन नमुन्यांवरचाच उतरव, बाकीचे तसेच राहू दे, आम्हीही सगळी माळ एकदम तेजाबात घालत नाही. मग दात बघ, पांढरट आणि काळी शेजारी ठेवून. एवढ्यावर नाही उलगडलं तर जनुकं आहेतच.

आईने संत्राबर्फी आणि तिखट शेव पाठवली आहे. रूममधल्या मुलींना दे. रात्री जागत असशील तर सकाळी उशिरा उठ, पण जेवण चुकवू नकोस.

थराखाली काय निघालं ते मला आधी सांग, आईला नंतर. रविवारी दुकान बंद असतं, मी फोनजवळच आहे.

तुझा,
बाबा