चिमीचा फोन येण्याआधी वाच

नागपूर
रविवार, दुपार

प्रिय गज्या,

इतक्या महिन्यांत ना पत्र ना फोन, त्याबद्दल मनातल्या मनात तू ज्या शिव्या घातल्या असशील त्या सगळ्या कबूल. 2025 च्या जूनमध्ये आपले अरण्यऋषी मारुती चितमपल्ली गेल्याची बातमी वाचली, तेव्हा तुला लावायला फोन हातात घेतला होता. पण मग नागझिऱ्याचा विषय निघाला असता, आणि तो निघाला की तुझ्यासमोर माझी काय गत होते ते तुला माहीत आहे. ठेवून दिला. तब्येत बरी. शुगर निघालीय, एक गोळी चालू, सावजी बंद. म्हणजे घरी सांगितलंय की बंद.

तर मुद्दा. चिमी तुला फोन करणार आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलं नाही, कारण माझा फोन या घरात सगळ्यांच्याच मालकीचा आहे.

मागच्या शनिवारी आम्ही चौघं नागझिऱ्याला गेलो होतो. शाळा आपल्याकडे जूनच्या शेवटी उघडतात, मृगाचा एक पाऊस पडून गेलेला, पोट्टे घरात एकमेकांच्या झिंज्या उपटत होते. ताडोबाचं बुकिंग मिळालं नाही असं मी घरी सांगितलं. खरं तर चिमीनं पाहूच दिलं नाही. "बाबा, तुमच्या मचाणावर जायचं." आता बोल.

पहाटे तीनला निघालो. वैनगंगा ओलांडली तेव्हा अंधारच होता. साकोलीला चहा, आणि हिनं केलेली सांबारवडी. (तू पुण्यात राहून कोथिंबीरवडी म्हणायला लागलास असं कानावर आलंय. लाज वाटू दे.) पिटेझरीच्या गेटवर कागदपत्रं होईपर्यंत धाकट्यानं सागाची कोवळी पानं तोडून हातावर चोळली. तळवे लालभडक. तसाच आईच्या अंगावर धावला, "वाघानं ओरबाडलं!" ही किंचाळली, गेटवरचा पोरगा हसला, आणि मला एकदम तू आठवलास. तूच मला शिकवलं होतंस ते, याच गेटवर, आणि त्याच हातानं माझा पांढरा शर्ट घाण केला होतास. त्या शर्टाचे पैसे अजून बाकी आहेत.

जंगल तसंच आहे रे. हे लिहिताना मलाच बरं वाटतंय. ऐनाचे ते मगरीच्या पाठीसारखे तडकलेले बुंधे, आणि मधूनच एखादा भुत्या, नागडा, गुलाबीसर पांढरा. आपल्या वेळी नुसतं अभयारण्य होतं, 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. पाटी मोठी झाली एवढंच. धाकट्याला रानकुत्री दिसली, नऊ. तो खूश. वाघ नाही. मधे ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून सोडल्या होत्या इथं, 2023 साली. त्यातली एखादी तरी दिसेल अशी हिला आशा होती. आमचा गाईड पन्नाशीच्या पुढचा, तो म्हणाला, "साहेब, पाणी पडलं. आता जागोजागी डबकी. जनावर पाणवठ्यावर कायले येईन?"

आणि मग आपला पाणवठा आला.

मचाण नाही आता तिथं. झाड मात्र आहे, तो मोठा ऐन, दुबेळक्याचा. जिप्सी थांबली. चिमी उभी राहिली. तिला सगळं पाठ आहे गज्या. मे 1998, बुद्धपौर्णिमेची प्राणीमोजणी, रात्रीचे दोन चाळीस, आधी सांबराचा धोक्याचा कॉल, मग दहा मिनिटं काही नाही, मग तो. पाणी प्यायला, मान वर करून आपल्याकडे बघितलं, आणि गेला. श्वासाचा आवाज मचाणापर्यंत आला. इतकी वर्षं मी हे सांगतोय, आणि आता तर मला तो आवाज खरंच ऐकू येतो, देवाशपथ.

तिनं विचारलं, "बाबा, कुठल्या बाजूनं आला होता?"

मी हात केला. भुत्याच्या बाजूनं, डावीकडून. गाईडनं त्या बाजूला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिकडे सरळ दगडांची उभी दरड आहे. बकरीही उतरणार नाही. तो भला माणूस एवढंच म्हणाला, "येतात, कधी कधी येतात." ही पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. तुझ्या वहिनीला पर्समध्ये काही सापडत नसतं, तेव्हा तिला सगळं सापडलेलं असतं.

मी झोपलो होतो हे जगात फक्त तुला माहीत आहे. तू उठवलं नाहीस. तू म्हणतोस तीन चिमटे काढले आणि मी "आई, पाच मिनिटं" म्हणालो. मी हे कधीच मान्य करणार नाही. पण सकाळी तूच फॉर्मवर "वाघ 1" लिहून मला म्हणालास, "कर सही, दोघांचं मचाण आहे." आणि हॉस्टेलला आल्यावर तूच सांगायला सुरुवात केलीस, "आम्ही पाहिला." तुझ्या त्या "आम्ही"त मी बसलो, आणि तू पुण्याला गेल्यावर "आम्ही"चा "मी" कधी झाला ते मलाही कळलं नाही. यात तुझाही वाटा आहे बे. अर्धा नाही म्हणत, पाव तरी धर.

लग्नात, ऑफिसात, दोस्तांत हे चालून गेलं. पण चिमीनं बारावीनंतर अकोल्याला फॉरेस्ट्रीला जायचं धरलंय. तिला 2022 च्या गणनेतले महाराष्ट्राचे 444 वाघ तोंडपाठ, कॅमेरा ट्रॅपमध्ये पट्ट्यांवरून एकेक वाघ कसा ओळखतात ते ती मला शिकवते. म्हणते, "आता मचाणावरच्या मोजणीवरून आकडा धरत नाहीत बाबा, पण तुमचा वाघ तर होताच ना." पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत तिला अठरा होतील, ती मचाणाचं बुकिंग करणार आहे. आता पैसे भरून ऑनलाइन मिळतं. आपल्याला खिचडी फुकट मिळाली होती, आणि तीच मला भोवली.

सांगून टाकू म्हणतो. दोनदा तोंड उघडलं. एकदा भाकरी तव्यावर होती, एकदा तिची मैत्रीण आली. मग वाटतं, का सांगू? नाद तर खरा आहे ना तिचा. मग रात्री दोनला जाग येते आणि वाटतं, ही पोरगी माझ्या झोपेवर घर बांधतेय. आणि सांगितलं तर ती पुढचं काय काय खोटं ठरवेल? तिच्या आजोबांनी अंबाझरीत पोहून बक्षीस मिळवलं होतं, ते तरी खरं आहे. बहुतेक.

परवा तिनं वहीत एक पान आखलं. एकीकडे "बाबा", दुसरीकडे "गजाकाका". दोघांची आठवण ताडून पाहायची म्हणे. तुझा नंबर मागितला. मी दिला. येत्या रविवारी लावेल.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना नीट? आणि तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला की अजून बिल्डर गोट्या खेळतोय? सविस्तर लिही. संत्रा बर्फी पाठवली आहे, वहिनींसाठी आहे, तू हात लावू नकोस.

तू तिला काय सांगायचं ते तू ठरव. मी काही शिकवत नाही. खरं सांगितलंस तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. शर्टाचे पैसे मात्र मागेन. फक्त रविवारच्या आत मला एक फोन कर, ऑफिसच्या वेळात, आणि एवढं सांग. आजवर तुला कधी विचारता आलं नाही. विचारलं असतं तर झोपलो होतो हे कबूल करावं लागलं असतं.

कुठल्या बाजूनं आला होता रे?

तुझा,
बाल्या