पहिल्या फेरीआधी दर्याचा आठवडा सांगा : मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

१ जूनला लागलेली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. रत्नागिरीत त्याआधीच लगबग सुरू होते. जाळी दुरुस्त करायची, इंजिनं उघडून बघायची, गावी गेलेल्या खलाशांना फोन करून बोलवून घ्यायचं. या सगळ्यात नौकामालकापासून बोट चालवणाऱ्या तांडेलापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : पहिला आठवडा कसा जाणार? बंदी ठरल्या तारखेला उठते, पण ऑगस्टच्या सुरुवातीला दर्या बसलेला असतोच असं नाही. आणि दोन महिने घरात पैसा आलेला नसताना जेट्टीवर थांबून राहणं सोपं नसतं. म्हणूनच त्या आठवड्याचा अंदाज आमच्या हातात कसा पडतो, यावर हे पत्र आहे.

अंदाज होत नाही, अशी माझी तक्रार नाही. मुंबईचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार पाच दिवसांचे इशारे देतं. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतो. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था, लाटांची उंची, वारा, समुद्रातले प्रवाह सांगतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. ही सगळी माणसं मन लावून काम करतात, हे आम्ही जाणतो.

पण जेट्टीवर पोचतं काय? फोनवर फिरत आलेला एक रंगीत नकाशा आणि 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' ही एक ओळ.

साहेब, तो नकाशा बहुतेक वेळा पावसाचा असतो. रत्नागिरी जिल्हा ऑरेंज दाखवला, तर तो रंग चिपळूण-संगमेश्वरच्या घाटाखालच्या मुसळधार पावसामुळेही आलेला असू शकतो. तो इशारा हवाच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण कसं बुडालं, ते अख्ख्या महाराष्ट्राने बघितलं आहे. पण दर्यावर जाणाऱ्याला त्या रंगातून वारा कळत नाही, लाटही कळत नाही. उलट नकाशा हिरवा असतो, ऊन पडलेलं असतं आणि दूर कुठेतरी झालेल्या वादळाची फुग घेऊन लांब लाटा किनाऱ्यावर आदळत असतात. पावसाचा रंग बघून बोट बांधून ठेवली आणि दर्या शांत निघाला, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करतो. त्याला बेफिकीर म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही.

मांडवीच्या, म्हणजे काजळी नदी दर्याला मिळते त्या मुखाचंच बघा. राजिवडा, कर्ला, भाट्ये इथल्या होड्या तिथूनच आत-बाहेर करतात आणि मुखावर गाळ साचलेला असतो. काजळीचं पाणी ओहोटीला जोरात बाहेर येत असतं, समोरून दर्याची लाट आत शिरत असते. दोन्ही त्या उथळ जागेवर भेटतात आणि लाट एकदम उभी राहून फुटते. बाहेर खोल पाण्यात जी लाट होडी नुसती वर उचलून खाली ठेवते, तीच मुखावर होडी उलटवते. एक-दोन सिलिंडरवाल्या होडीला तिथे मागे वळायलाही जागा मिळत नाही. म्हणजे आमच्यासाठी लाट किती मीटरची एवढं सांगून भागत नाही. त्याच ओळीत ओहोटी किती वाजता लागणार तेही हवं. लाटेचा अंदाज एका संस्थेकडे आहे, भरती-ओहोटीचं कोष्टक छापील मिळतं. पण दोन्ही शेजारी-शेजारी मांडून 'अमुक दिवशी सकाळी अमुक ते अमुक वेळेत मुखातून ये-जा टाळा' असं कोणी सांगत नाही.

आणि हे चार दिवस आधी सांगता येण्यासारखं असतं. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशावरून आत सरकलं, की अरबी समुद्रावरचे पश्चिमेचे वारे बऱ्याचदा जोर धरतात आणि कोकण खवळतं. जाणकार ते येताना बघत असतात. पाचव्या-सहाव्या दिवसाचा अंदाज पहिल्या दिवसाइतका पक्का नसतो, हे आम्हालाही समजतं. तर तसंच सांगा : सोमवारचं खात्रीने, शुक्रवारचं बदलू शकतं. सहा सिलिंडरवाला ट्रॉलर कित्येक दिवसांचा बर्फ आणि डिझेल भरून निघतो. त्याला शुक्रवारची नुसती शंका जरी आधी कळली, तरी तो फेरी आखडती घेईल.

११ नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ कोकणातली बंदरं विसरलेली नाहीत. हंगाम ऐन भरात होता, बोटी लांब होत्या, आणि कित्येक खलाशी परत आलेच नाहीत. त्यानंतर बरंच सुधारलं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते नौकांवरच्या ट्रान्सपॉन्डरची देशव्यापी योजना सुरू झाली. मोबाइलची रेंज संपते तिथेही निरोप पोचवणारी ही सोय मोलाची आहे. पण ती बाहेर गेलेल्या बोटीसाठी. जायचं की नाही, हे ठरतं जेट्टीवर, बर्फ भरण्याआधी.

आता मुख्य मागणी. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतीला दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला मिळतो. आमच्याकडे तो दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून मराठीत येतो. पाऊस येणार असेल तर फवारणी पुढे ढकला, कापलेलं भात आडोशाला ठेवा, इतक्या नेमक्या शब्दांत तो लिहिलेला असतो. आंबा बागायतदार त्यावर भरवसा ठेवतात. तसाच मंगळवार-शुक्रवारचा सल्ला दर्यासाठी सुरू करा. लिहिणारी माणसं शोधायला लांब जायला नको. त्याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत शिरगावला आहे. हवामान विभाग आणि इन्कॉइसचे आकडे घेऊन ते आमच्या बोलीत मांडणं तिथल्या प्राध्यापकांना आणि मुलांना नक्की जमेल.

पालघर ते वेंगुर्ला एकच वाक्य नको. बाणकोट ते जयगड, जयगड ते विजयदुर्ग, अशा टापूंत तो सल्ला द्या. छोटी होडी आणि ट्रॉलर यांना वेगळं सांगा. हिंदीतही काढा, कारण खलाशांत नेपाळी आणि परप्रांतीय पोरं आहेत, आणि त्यांचा जीव आमच्याइतकाच मोलाचा आहे. बंदरं आपल्याच खात्यात येतात. म्हणून बंदर कार्यालयावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढतो, त्याच वेळी तो कशासाठी आणि किती वाजेपर्यंत, हे जेट्टीच्या फळ्यावर लिहिण्याचा आदेश आपण एका सहीने काढू शकता. आणि इशारा संपला की तो संपल्याचंही तितक्याच ठळकपणे सांगा. वाट बघून थांबलेल्या माणसाला तेवढाच आधार असतो.

पहिला सल्ला जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी निघाला, तर बर्फाची गाडी बोलवायच्या आधी तो आमच्या हातात असेल. तो फळ्यावर लिहायला, मशिदीच्या आणि देवळाच्या भोंग्यावरून वाचायला आणि जेट्टीवर समजावून सांगायला आमच्या मच्छीमार सोसायट्यांची माणसं तयार आहेत. आपण फक्त कळवा.

आपला नम्र,
रत्नागिरीच्या खाडीकाठचा एक होडीमालक