अठरा मिनिटांचं आख्यान

पुणे,
रविवार, २० सप्टेंबर २०१५

प्रिय मित्रा,

मंगळवारी तुझा फोन ठेवला तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हे भांडण मावणार नाही. म्हणून आज सकाळची आरती झाल्यावर कागद घेऊन बसलो. निवांत वाच, आणि वाचून झाल्यावर ते गाणं पुन्हा लाव. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलंय. आयर्न मेडन या आपल्या हेवी मेटल बँडचा नवा अल्बम, ‘द बुक ऑफ सोल्स’, बाकी जोरदार आहे, पण शेवटचं गाणं ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ म्हणजे गायक ब्रूस डिकिन्सनची हौस. आयर्न मेडनच्या रेकॉर्डवर पियानो कशाला? दोन मिनिटं उलटून गेली तरी गडी तोंड उघडत नाही. अठरा मिनिटांतली दहा कापली असती तरी कुणाचं काही अडलं नसतं. तुझ्या मते अल्बमचं खरं गाणं ‘द रेड अँड द ब्लॅक’. स्टीव्ह हॅरिसचा बास, सगळ्या मैदानानं मिळून घ्यायची ती ‘ओ ओ ओ’, असली मेडन.

आपला ड्रमर तुझ्याच बाजूला आहे. गेल्या रविवारी त्याच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही पाच जण दोन्ही सीडी सलग ऐकायला बसलो. ब्याण्णव मिनिटं. खाली पथकाचा सराव चालू होता, त्यामुळे खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि उकाड्यानं जीव चालला होता. शेवटचं गाणं सुरू झालं, चार मिनिटांत दोघं चहाला उठले आणि परत आल्यावर कुठं चाललंय ते त्यांना कळेना. मग तेच म्हणाले, गाणं भरकटतं. मी म्हटलं, कीर्तनाचा पूर्वरंग सोडून उत्तररंगाला येऊन बसलात तर बुवांचा काय दोष?

लांबीबद्दल तू तरी बोलायला नको होतंस. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, बांद्रा-कुर्ला संकुलाचं मैदान, मेडनचा कार्यक्रम. त्या रात्री ‘राइम ऑफ द एन्शंट मरीनर’ लागलं तेव्हा तू माझा दंड इतका घट्ट धरला होतास की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. तेही तेरा मिनिटांच्या वरचं. मधला तो संथ भाग, नुसता बास आणि लाकूड करकरल्याचे आवाज, आणि तू डोळे मिटून उभा. तेव्हा नाही म्हणालास की यातली पाच मिनिटं कापा. १९८४ पासून तेच मेडनचं सगळ्यात लांब गाणं होतं, आता हे आलं, अठरा मिनिटं एक सेकंदाचं. फरक इतकाच की ‘राइम’ आपल्या हाती आलं तेव्हा आपण पंधरा वर्षांचे होतो आणि एक कॅसेट महिनाभर पुरवायचो.

तर मुद्द्यावर येतो. हे गाणं एका एअरशिपचं, म्हणजे गॅसच्या पिशव्यांवर तरंगणाऱ्या हवाई जहाजाचं आहे एवढं तुला माहीत आहे. तिची हकीकत मी या दोन आठवड्यांत जमेल तेवढी वाचून काढली, आणि प्रत्येक वाचनानंतर गाणं बदलत गेलं. तिचं नाव आर-१०१. तू आत्ता जिथं राहतोस त्या बेडफर्डच्या अगदी शेजारी, कार्डिंग्टनला बांधलेली. लांबी ७७७ फूट. आधी ७३१ होती, पण वजन झेपेना म्हणून मधोमध कापून एक जादा गॅसची पिशवी घातली. त्या पिशव्या बैलांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांपासून केलेल्या. आपल्याकडे चांदीचा वर्ख ठोकायला वापरायचे तोच पापुद्रा. आत भरलेला हायड्रोजन. आणि अशा जहाजात सिगार ओढायला अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर लावलेली वेगळी खोली.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ती पावसावाऱ्यात निघाली. पुरेशी चाचणी झालेली नव्हती, उड्डाणाचा दाखला ऐन वेळी हातात पडला होता, पण हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन यांना जाऊन त्याच महिन्यात परत यायचं होतं. आणि निघाली कुठं? कराचीला. तेव्हा सिंध अजून वेगळा झाला नव्हता, तो मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे ती आपल्याच इलाख्यात यायला निघाली होती. तिच्यासाठी कराचीत अवाढव्य शेड उभारून ठेवली होती, ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली. रात्री दोन वाजून गेल्यावर फ्रान्समध्ये बोव्हेजवळच्या टेकडीला तिचं नाक टेकलं आणि आग लागली. ५४ जणांपैकी ४८ गेले, थॉमसनही त्यांतच. पुढं चौकशी झाली तिचे अध्यक्ष सर जॉन सायमन. हो, तेच. ज्यांना आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीनं ‘सायमन, परत जा’ म्हणून काळे झेंडे दाखवले तेच सायमन. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि जरा वेळ तसाच बसून राहिलो.

आता पियानोचं. तू म्हणतोस, सुरुवातीला काही घडतच नाही. अरे, जहाज अजून खुंट्याला बांधलेलं आहे! ती पियानोची ओळ नीट ऐक. ब्रूस काही मुरलेला पियानोवाला नाही आणि ते लपत नाही. बोटं साधी पडतात, जपून पडतात. मला तेच आवडलं. एखादा कसलेला वादक असता तर त्यानं तिथं नक्षी काढली असती. मग हळूहळू तंतुवाद्यं येतात, निकोचे ड्रम्स येतात, लोक चढतायत, सामान चढतंय, आणि ब्रूस पहिला शब्द गातो तोवर तुला त्या जहाजाबद्दल माया वाटायला लागलेली असते. ती वाटली नाही तर शेवटी तिच्या पडण्याचं दुःख कुठून होणार? हे आख्यान आहे रे. आख्यानात आधी राजा, नगरी, रथ सगळं डोळ्यांपुढं उभं करतात आणि मगच संकट येतं. पोवाड्यातसुद्धा पहिल्याच कडव्यात गड पडत नाही.

टायटॅनिकवरूनही तू ब्रूसला धरलंस. टायटॅनिक हिच्या पोटात मावली असती असं तो गातो, आणि तू म्हणालास की टायटॅनिक ८८२ फूट, ही ७७७, म्हणजे साफ चूक. लांबीनं नाहीच मावणार, मान्य. पण आकारमान काढून बघ. टायटॅनिक ४६,३२८ टनांची. हे टन वजनाचे नव्हेत, जागेचे. एक टन म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे सेहेचाळीस लाख घनफुटांच्या आसपास. आर-१०१ मध्ये गॅसच पंचावन्न लाख घनफूट. तेव्हा तो हवेत बोललेला नाही. विमान चालवणारा माणूस आहे, आकडे बघूनच बोलतो.

आणि आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. परवा, म्हणजे गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी आतल्या खोलीत गाणं लावलं होतं. दार उघडंच होतं. बाबा बाहेर पाटावर दुर्वांच्या जुड्या बांधत बसले होते, एकवीस-एकवीसच्या. तुला माहीत आहे, माझ्या या संगीताला ते नावं ठेवत नाहीत, पण लक्षही देत नाहीत. गाणं मध्यावर आलं. तिथं गाणं थांबतं आणि गिटार नि ड्रम्स एकाच ठेक्यावर ठोकायला लागतात, आठवतंय? तुला तो तुकडा ‘उगाच तोडलेला’ वाटला होता. बाबांचा हात तसाच थांबला. दोरा बोटाभोवती गुंडाळलेला, जुडी अर्धी. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “हे कोण पाठवतंय?”

मला आधी समजेना. मग त्यांनी पाटाच्या कडेवर बोटानं वाजवून दाखवलं. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. एसओएस. एकतीस वर्षं तारऑफिसात काढली त्यांनी, कडकट्ट कडकट्ट करत. मोर्सची यंत्रं गेली, टेलिप्रिंटर आले, तेही गेले, २०१३ च्या जुलैत तारच बंद झाली. त्या दिवशी ते जेवले नव्हते. आणि इतक्या वर्षांनी आतल्या खोलीतून कुणीतरी मदत मागतंय हे त्यांच्या कानाला माझ्या आधी कळलं. मी चौदा-पंधरा वेळा ऐकलं होतं गाणं. मला तो नुसता ठेका वाटला होता.

मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ऐकून त्यांनी तारवाल्याला शोभेल असाच प्रश्न केला: “मग जहाजानं शेवटचा संदेश काय पाठवला होता?” तो मी वाचलेला होता. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांनी कळवलं होतं की उत्तम जेवणानंतर पाहुण्यांनी शेवटचा सिगार ओढला, फ्रान्सचा किनारा दिसला आणि आता मंडळी झोपायला गेली. त्यानंतर दिशा आणि ठिकाण विचारण्याचं थोडं नेहमीचं बोलणं. एसओएस गेलाच नाही. तेवढी सवडच मिळाली नाही. बाबा म्हणाले, “म्हणजे राहून गेलेली तार यानं टाकली.” आणि पुन्हा दुर्वा निवडायला लागले.

तेव्हापासून तो तुकडा आला की माझ्या अंगावर काटा येतो. सांग, हा कापायचा? आठ मिनिटांच्या गाण्यात हा कुठं बसवणार होतास?

तुझ्या काही गोष्टी मला मान्य आहेत. त्या तुकड्यानंतर गिटारींचं जे चालतं त्यात एक-दोन फेऱ्या जास्त झाल्यात. काही ओळी वर्तमानपत्रातल्या बातमीसारख्या सपाट आहेत. वरच्या पट्टीत ब्रूसचा गळा ताणला जातो, १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बममधला तो गळा आता नाही. पण तो ताण मला या गाण्यात हवाच आहे. पॅरिसच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग आटपलं आणि त्यानंतर त्याच्या जिभेपाशी कॅन्सर निघाला. मे महिन्यात डॉक्टरांनी तो बरा झाल्याचं सांगितलं. म्हणजे तो गात होता तेव्हा गाठ बहुधा तिथं होतीच, त्याला ठाऊक नव्हती. शेवटी सगळे थांबतात आणि पुन्हा तोच सुरुवातीचा पियानो, आणि तो त्या ४८ जणांविषयी अगदी हळू गातो. तिथं मला एकही सूर कमी वाटत नाही.

‘द रेड अँड द ब्लॅक’ मलाही आवडतं. मैदानात ते लागेल तेव्हा मी तुझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडेन. पण तुझं माझं भांडण कुठलं गाणं मैदानात चांगलं यावरून नव्हतंच.

एक काम कर माझ्यासाठी. येत्या ४ ऑक्टोबरला रविवार आहे. त्या संध्याकाळी तिला निघून पंच्याऐंशी वर्षं होतील. कार्डिंग्टनच्या त्या दोन शेड अजून उभ्या आहेत, लांबून रस्त्यावरूनच दिसतात म्हणे. ब्रूसनं पैसे घातलेली नवी एअरशिपही तिथंच बांधतायत. जवळच्या चर्चच्या दफनभूमीत त्या ४८ जणांची एकत्र समाधी आहे, नावं कोरलेली. अंधार पडायच्या आत तिथं जा. फुलं ने. हेडफोन लावून गाणं पहिल्या सुरापासून लाव, आणि मधे फोन आला तर घेऊ नकोस, माझा असला तरी. त्यानंतरही तू म्हणालास की दहा मिनिटं कापा, तर मी पुन्हा वाद घालणार नाही.

इकडे सगळे ठीक आहेत. आईनं तुझ्या वाटणीच्या मोदकांचा उल्लेख रोज केला. तुझ्या बाबांना परवा भेटलो, गुडघा बराच बरा आहे, जिना चढून वर आले होते. थंडी पडायला लागली असेल तिकडं, सांभाळून राहा.

तुझाच,
गच्चीवरचा

ता.क. बाबांनी विचारायला लावलं म्हणून शोधलं: जहाजावरचा बिनतारी यंत्राचा माणूस वाचला होता. लंडनला अपघाताची खबर त्यानंच जवळच्या गावातून टेलिफोनवर दिली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “देणारच.”